दहा हजार तासांचं खूळ



कोणत्याही कामात दहा हजार तास घातले की माणूस त्यात तरबेज होतो, असं एक वचन गेली पंधरा-सोळा वर्षं आपल्याकडे फिरतं आहे. आधी ते फॉरवर्ड केलेल्या ईमेलांतून यायचं, मग व्हॉट्सअ‍ॅपवरून यायला लागलं, आता तर क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर येऊन बसलं आहे. मला आज या वचनाशी भांडायचं आहे आणि भांडणासाठी मैदान निवडलंय गोल्फचं.

हसा खुशाल. तळेगावच्या म्हाताऱ्या मास्तराने गोल्फवर लिहावं हा विनोदच आहे. आमच्याकडे अठरा होलांचं मैदान करायचं म्हटलं तर सव्वाशे-दीडशे एकर लागतील, आणि एकरी शंभर-एकशेदहा झाडं धरली तर तेवढ्या जागेत तेरा-चौदा हजार संत्र्याची झाडं बसतात. कोण शहाणा शेतकरी तिथे गवत वाढवून चेंडू मारत बसेल? पण माझा एक पुतण्या पुण्याला असतो. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, वय एक्केचाळीस, आणि चार वर्षांपासून त्याला या खेळाने झपाटलं आहे. त्याचा हँडिकॅप बावीस. त्याला व्हायचंय ‘स्क्रॅच’, म्हणजे शून्य. आणि त्याने हिशोब मांडलाय : आठवड्याला दहा तास, वर्षाचे पाचशेवीस, म्हणजे एकोणीस वर्षांत दहा हजार. साठाव्या वर्षी निवृत्ती आणि स्क्रॅच एकदमच! गणित मी तपासलं, बरोबर आहे. ज्या गृहीतावर ते उभं आहे तेवढं खोटं आहे.

आधी हँडिकॅप म्हणजे काय ते सांगतो, कारण मला स्वतःला ते समजून घ्यायला दोन दुपारी लागल्या. गोल्फमध्ये जितके कमी फटके तितकं चांगलं. एखाद्या मैदानावर मुरलेल्या खेळाडूला साधारण किती फटके लागावेत हे ठरवलेलं असतं. तुम्हाला त्याहून अंदाजे किती जास्त लागतात, तो तुमचा हँडिकॅप. बावीस हँडिकॅपवाला आणि पाच हँडिकॅपवाला एकत्र खेळले तर कच्च्याला फटक्यांची सूट मिळते आणि सामना बरोबरीचा होतो. लहानपणी आपण गिल्ली-दंडा खेळताना लिंबूटिंबूला सवलत द्यायचो, तेच. फक्त इथे सवलत काट्यावर मोजून दिलेली.

२०२० पासून जगभर याची एकच पद्धत आहे. तुमच्या शेवटच्या वीस फेऱ्या घ्यायच्या, मैदान किती अवघड होतं तो फरक काढून टाकायचा, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी काढायची. वीसपैकी बारा वाईट दिवस सोडूनच द्यायचे! मी छत्तीस वर्षं गुणपत्रिका भरल्या. पोराला ताप असताना दिलेला पेपर आणि धडधाकट असताना दिलेला पेपर एकाच बेरजेत घातला. गोल्फवाले आमच्यापेक्षा दयाळू निघाले असं म्हणावं लागतं. पण याचा दुसरा अर्थ असा की हँडिकॅप तुमची सरासरी सांगत नाही, तुम्ही चांगले खेळता तेव्हा किती चांगले खेळता ते सांगतो. आणि तोच शून्यावर आणायचा आहे.

किती जणांचा येतो? अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची आकडेवारी खुली आहे. तिथे हँडिकॅप नोंदवणाऱ्या पुरुषांची सरासरी चौदाच्या आसपास आहे आणि स्क्रॅच किंवा त्याहून सरस असलेले शेकडा दोनच्या आसपास. आणि नोंद ठेवणारे म्हणजे मुळातच हौशी, वर्षानुवर्षं खेळणारे लोक. त्यांच्यात असे कितीतरी असणार ज्यांनी उभा जन्म मैदानावर काढला. मग तासांनीच सगळं होत असेल तर बाकीचे अठ्ठ्याण्णव कुठे अडकले?

आता एका गृहस्थाची गोष्ट. डॅन मॅक्लॉफलिन, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा छायाचित्रकार. तिशीला आला होता, गोल्फ जवळजवळ खेळलेलाच नव्हता. एप्रिल २०१० मध्ये त्याने नोकरी सोडून दहा हजार तास सरावाचा संकल्प सोडला. व्यावसायिक खेळाडूंच्या रांगेत जाऊन बसायचं हे ध्येय. बाबा तसा पक्का. मार्गदर्शक ठेवले, तासांची नोंद ठेवली, पहिले काही महिने त्याच्या हातात फक्त पटर. चेंडू गलीत ढकलायचा, तोही अगदी जवळून, मग हळूहळू मागे सरकत. आठवड्याला तीसेक तास. त्याचा हँडिकॅप तीनच्या खाली आला, म्हणजे शेकडा पंच्याण्णव हौशी खेळाडूंच्या पुढे गेला. माणसाने खरोखर कमाल केली. पण ते शेवटचे दोन-अडीच फटके काही कमी होईनात. २०१५ मध्ये, सहा हजार तासांच्या आसपास, पाठीने दगा दिला आणि प्रयोग थांबला.

यावर भक्तांचं उत्तर ठरलेलं : “बघा, दहा हजार पूर्ण कुठे झाले!” थांबा. याच्या शेजारी लॅरी नेल्सनला उभा करतो. हाही अमेरिकन. व्हिएतनामच्या लढाईतून परतल्यावर, एकविसाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा गोल्फ हातात घेतला. पहिल्याच फेरीत शंभराच्या आत. नऊ महिन्यांत सत्तरच्या आत! सत्तरच्या आत म्हणजे त्या दिवशी तो स्क्रॅचवाल्यांच्याही पुढे होता. नऊ महिन्यांत रोज आठ तास खेळला असं धरलं तरी बावीसशे तासही भरत नाहीत. पुढे त्याने १९८१ आणि १९८७ ची पीजीए आणि १९८३ ची यूएस ओपन जिंकली. दोघांनीही मोठेपणी सुरुवात केली, दोघेही जिद्दी. एकाला सहा हजार तासांत जे जमलं नाही ते दुसऱ्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातच जमून गेलं. आता सांगा, कोणता आकडा फ्लेक्सवर लावायचा?

मूळ आकडा आला कुठून, तेही बघू. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. सर्वांत हुशार गटाने विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या आसपास रियाज केलेला होता. सरासरी! म्हणजे काहींनी त्याहून बराच कमी केला, काहींनी जास्त. आणि ती मुलं तेव्हा विद्यार्थीच होती, उस्ताद झालेली नव्हती. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकातून हा आकडा घरोघरी पोचला आणि सरासरीचा नियम झाला. खुद्द एरिक्सनने नंतर तक्रार केली की आमच्या संशोधनाचा असा अर्थ निघत नाही. पण ऐकतो कोण? सरासरी म्हणजे काय हे मी सातवीच्या वर्गाला शिकवायचो : नदीची सरासरी खोली तीन फूट म्हणून पोहता न येणाऱ्याने त्यात उतरू नये. सातवीच्या पोरांना कळायचं.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांत ताबडतोब पट मांडले गेले. चांगलंच झालं, मलाही आनंद झाला. पण त्यातल्या एका बापाने लगेच वही केली, रोज किती तास. त्याला मी अर्जेंटिनाच्या बुद्धिबळपटूंचा अभ्यास सांगितला. गोबे आणि कँपिटेल्ली या दोघांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मास्टर पदाला पोचायला कोणाला तीन हजार तास लागले, तर कोणाला तेवीस हजारांहून जास्त. आठपट फरक! आणि कित्येकांनी पंचवीस हजार तास घालूनही ते पद मिळालं नाही. माझ्या पुतण्याच्या चालीने तीन हजार म्हणजे सहा वर्षं, तेवीस हजार म्हणजे चव्वेचाळीस. ज्या उत्तरात सहा आणि चव्वेचाळीस दोन्ही बसतात त्याला उत्तर म्हणत नाहीत.

२०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्यातला किती भाग सरावाच्या फरकामुळे आहे, हा प्रश्न होता. बुद्धिबळासारख्या खेळांत शेकडा सव्वीस, संगीतात एकवीस, मैदानी खेळांत अठरा. आणि शिक्षणात? चार. मी तो आकडा तीनदा वाचला. एवढी वर्षं “घोका, घोका” म्हणणाऱ्या मास्तराला तो गिळणं सोपं नाही, पण वर्गात डोळ्यांसमोर दिसत होतं ते याहून वेगळं नव्हतं. काही पोरांना पाढे ऐकून येतात, काहींना घोकूनही चकवतात.

बाकीचा भाग कशाचा? अंगभूत गुणांचा असेल, वयाचा असेल, आणि एका गोष्टीचा तर नक्कीच : मैदान कोणाच्या दाराशी आहे. अनिर्बान लाहिरी पुण्यात जन्मला, वडील लष्करात डॉक्टर, त्यांनीच त्याला आठव्या वर्षी खेळायला शिकवलं. तो २०१५ च्या पीजीए स्पर्धेत पाचव्या स्थानी आला. अदिती अशोक बंगळुरूची, पाच-सहा वर्षांची असताना सुरुवात, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी. याउलट दिल्लीचा अली शेर. गोल्फ क्लबात कॅडी, म्हणजे साहेबांच्या काठ्यांचं ओझं वाहणारा पोरगा. त्याने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, १९९३ मध्ये पुन्हा. बऱ्याच क्लबांत सोमवारी मैदान बंद असतं तेव्हा कॅडींना खेळायला मिळतं. आठवड्याचा तो एक दिवस, उसन्या काठ्या, आणि बाकीचे सहा दिवस दुसऱ्याचे फटके बघणं. बघण्याचे तास धरायचे की नाही? वहीवाल्यांनी सांगावं. आणि अली शेरबरोबर ज्यांनी तीच ओझी वाहिली, त्याच मैदानावर तेच सोमवार खेळले, त्यांतले बहुतेक जण कॅडीच राहिले. त्यांचे तास काय कमी होते?

“मग सराव करूच नये का, काका?” हे पुतण्याने विचारलंच. अरे, कोण म्हणतं? सरावाने माणूस कालच्यापेक्षा सुधारतो, यात वादच नाही. बावीसचा चौदा होईल, जिद्द धरलीस तर दहाही होईल. सुरुवातीचे फटके भराभर कमी होतात, पुढचा एकेक फटका मात्र वर्षं खातो. चाळिशीत सुरुवात करून फक्त शनिवार-रविवार खेळणारा स्क्रॅच होणं ही फार दुर्मीळ गोष्ट, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तो खेळ इतका सुज्ञ आहे की न पोचणाऱ्यांसाठीच त्याने हँडिकॅप काढला. माझा राग सरावावर नाही. “कोणीही, इतक्या तासांत” या दोन शब्दांवर आहे.

हा राग पुतण्यासाठी असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. तो स्क्रॅच नाही झाला तर रविवारी क्लबात चहा पिऊन घरी येईल, त्याचं काय बिघडणार आहे? पण आमच्याकडची पोरं अमरावती-नागपूरच्या क्लासांना जातात ती बाग गहाण टाकून. दोन वर्षांपूर्वी एक ओळखीचे शेतकरी घरी येऊन बसले. पोराने डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दोनदा बसून पाहिलं, नंबर लागला नव्हता. म्हणाले, “गुरुजी, आमच्या पोराचे तास कमी पडले म्हणते थो क्लासवाला. अजून एक वरीस पाठवा म्हणते.” पोरगा दाराशी उभा होता, मान खाली घालून. वर्गात पहिल्या पाचांत असलेला पोरगा तो. दिवसाचे चौदा तास बसत होता.

या सूत्राची लबाडी इथे आहे. पोरगं पोचलं तर तासांमुळे पोचलं. नाही पोचलं तर तास कमी पडले. तास पुरे होते असं दाखवलं तर “पण ते मन लावून नव्हते”. सूत्र कधी हरतच नाही, हरतो तो पोरगा, आणि दरवर्षी हरण्याची फी भरतो. जागा किती, बसणारे किती, हा साधा भागाकार कोणी त्याच्या बापाला करून दाखवत नाही. मी दाखवला. बाप बराच वेळ गप्प होता. पोराने मात्र पहिल्यांदा मान वर केली.

म्हणून क्लासवाल्यांना माझी मागणी एवढीच आहे. फ्लेक्सवर दहा हजार तास लिहा, पोचलेल्यांचे फोटोही लावा. पण गोल्फच्या संघटना आपले शेकडा दोन उघड सांगतात, तसं त्याच फ्लेक्सवर, त्याच अक्षरात, त्या वर्षी तुमच्याकडे फी भरून किती जण बसले होते तो आकडाही लावा. तळेगावच्या स्टँडसमोर जागा भरपूर आहे.