शाळेतली चूल अजून कोणाची?

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजायची त्या जागेला कुणी स्वयंपाकघर म्हणत नसे. ती 'खिचडीची खोली'. तिथे दोन बायका कामाला होत्या. एक गावातल्या, एक आमच्या वस्तीतली मावशी. गावातल्या बाई चुलीपाशी असायच्या. तांदूळ-डाळ त्या मोजून घ्यायच्या, पाणी त्याच भरायच्या, हळद-मीठ त्याच घालायच्या. मावशी सरपण फोडायची, व्हरांडा झाडायची आणि आम्ही जेवून उठलो की मोठं पातेलं घासायची. तिनं घासलेलं पातेलं गावातल्या बाई पुन्हा एकदा पाण्यातून काढून घ्यायच्या. राख राहते म्हणायच्या.

आम्ही पोरं मात्र एकाच ओळीत बसायचो. घरून आणलेली, आजोबांचं नाव घातलेली ताटं पुढ्यात, आणि वाढणारा डाव सगळ्यांना तोच. त्यामुळे शाळेत जातपात नाही असं मला वाटायचं. ते सगळंच खोटं होतं असं आजही म्हणणार नाही. गावात ज्यांच्या घरी आम्हाला पाणी वरून ओतून मिळायचं त्यांची मुलं शाळेत आमच्या गुडघ्याला गुडघा लावून जेवत होती. पण राख राहते म्हणजे काय राहतं, हे कळायला मला समाजशास्त्रात एमए करावं लागलं.

शाळेतल्या जेवणावर बोलताना आपण बहुतेक वेळा पंगतीबद्दल बोलतो. कोण कुणाशेजारी बसलं, कुणाला वेगळं बसवलं, हे महत्त्वाचं आहेच. माझा मुद्दा त्याच्या मागच्या खोलीचा आहे. पंगत बऱ्याच ठिकाणी एक झाली, चूल झाली नाही. आणि देशभरात शाळेच्या जेवणावरून जे बहिष्कार होतात त्यातले बहुतेक, दलित मूल पंगतीत बसलं म्हणून आता होत नाहीत. दलित बाई चुलीपाशी आली म्हणून होतात.

थोडा हिशेब मागून मांडते. माझा दादा शाळेत होता तेव्हा शिजवलेलं काही मिळत नव्हतं. १९९५ च्या केंद्राच्या योजनेत ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य मिळायचं. दादा पिशवीत तांदूळ घेऊन घरी यायचा. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएलच्या याचिकेत आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवणच द्यायचं. किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. तमिळनाडूत हे कामराजांच्या काळापासून, १९५० च्या दशकापासून चालू होतं. बाकी अनेक राज्यांना मात्र न्यायालयाने ओढत आणावं लागलं.

धान्य घरी नेताना जातीचा प्रश्न येत नाही. ज्याचा तांदूळ त्याच्या घरी, त्याच्या आईच्या चुलीवर. शिजवून द्यायचं ठरलं त्या दिवशी शाळेत चूल आली आणि चुलीबरोबर प्रश्न आला की शिजवणार कोण. न्यायालयाला हे दिसलं असावं. २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्यापैकी किती जणांना हा आदेश माहीत आहे? मला पदवी मिळेपर्यंत माहीत नव्हता, आणि मी त्या खिचडीवर वाढलेली आहे.

आदेशाचं पुढे काय झालं ते पाहायला गेलं की एक गंमत आढळते. (गंमत हा शब्द नाइलाजाने वापरते.) सरकारी कागदावर या कामाचं नाव आहे 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. एकच पद, एकच रकाना. देशात सुमारे २५ लाख माणसं या रकान्यात आहेत, बहुसंख्य बायका. त्यात अनुसूचित जातीच्या किती, जमातीच्या किती, ओबीसी किती, हे राज्यं केंद्राला कळवतात. पण त्या आकड्यात माझी मावशी आणि गावातल्या बाई एकाच ओळीत मोजल्या जातात. कागदावर दोघी स्वयंपाकी. आमच्या शाळेत दलित स्वयंपाकी होती असं तो आकडा सांगेल, आणि एकाही मुलाने तिच्या हातचं कधी खाल्लेलं नसेल. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ मध्ये पाच राज्यांचा जो अभ्यास मांडला, त्यात दलित स्वयंपाकी असलेली गावं राजस्थानात दहात एकही भरत नव्हती, तर आंध्रात जवळपास निम्मी होती. म्हणजे योजना तीच, आदेश तोच, आणि फरक इतका. हा फरक आज कुठे आला आहे हे सांगायचं तर चुलीपाशी कोण आणि मोरीपाशी कोण, हे दोन रकाने वेगळे करावे लागतील.

आता बहिष्कारांकडे येऊ. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांग इथल्या सरकारी इंटर कॉलेजात एक दलित भोजनमाता नेमली गेली. तिने शिजवायला सुरुवात केल्यावर सवर्ण मुलांनी शाळेत जेवणं बंद केलं, डबे घरून येऊ लागले. प्रशासनाने काय करावं? नेमणुकीच्या प्रक्रियेत त्रुटी सापडली आणि तिला काढलं. तिच्या जागी सवर्ण बाई आली, तेव्हा दलित मुलांनी ताटं बाजूला सारली. तिच्या हातचं त्यांना चालत नसेल, तर हिच्या हातचं आम्हाला का चालावं? सहावी ते आठवीची मुलं ही. देशभर बातमी झाली आणि मग त्या बाईला परत घेतलं गेलं. काही महिन्यांनी काही मुलांनी पुन्हा जेवायला नकार दिला.

२०१८ मध्ये तमिळनाडूच्या तिरुप्पूर जिल्ह्यात हेच झालं. पालकांनी शाळेपुढे गोंधळ घातला आणि अधिकाऱ्यांनी आधी दलित स्वयंपाकी बाईचीच बदली केली. आंदोलन झालं तेव्हा बदली रद्द झाली. कामराजांचं आणि पेरियारांचं राज्य, जिथे शाळेत जेवायला बसून तीन पिढ्या झाल्या. २०२२ मध्ये राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात तर स्वयंपाक्यानेच मुलांना अन्न फेकायला लावलं, कारण ते दोन दलित मुलींनी वाढलं होतं. त्याला अटक झाली, हे त्यातलं वेगळेपण. नाहीतर पहिली हालचाल ठरलेली असते: बाई हलवा. बहिष्कार घालणारे शंभर, बाई एक. एक हलवणं सोपं.

दुसरी हालचाल म्हणजे साहेबांचं सहभोजन. जिल्हाधिकारी येतात, मुलांबरोबर खाली बसतात, दोन घास खातात, फोटो निघतो. मी त्याला नावं ठेवत नाही. निदान तिच्या हातचं खाऊन कुणी मरत नाही एवढं तरी सिद्ध होतं. पण साहेबांची गाडी गेल्यावर ती बाई आणि तेच पालक गावात उरतात. २०१५ च्या दुरुस्तीपासून अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं किंवा तशी धमकी देणं हा गुन्हा आहे. मुलाने भात खाल्ला नाही म्हणून मुलावर गुन्हा नोंदवा असं कुणी म्हणत नाही. पण गेटवर उभं राहून इतर पालकांना अडवणारी प्रौढ माणसं असतात आणि ती कोण आहेत हे अख्ख्या गावाला माहीत असतं.

शिवाय ज्या बाईने हे सगळं सोसायचं तिला मिळतं काय? २००९ पासून केंद्राच्या निकषात मानधन महिन्याला १००० रुपये आहे, तेही वर्षातले दहाच महिने, आणि बहुतेक राज्यांत त्यातले केंद्राचे ६००. राज्यं आपापल्या कुवतीने भर घालतात. मे महिन्यात तिने काय खायचं, याचं उत्तर शासन निर्णयात नाही.

चूल गावातून उचलली की वाद मिटेल असं काही शहाण्या लोकांना वाटतं. मोठं केंद्रीय स्वयंपाकघर, स्टीलची यंत्रं, गाडीतून येणारे बंद डबे. स्वच्छतेचा मुद्दा मला कळतो. पण त्यात गावातल्या विधवेचं, परित्यक्तेचं काम जातं, आणि जातीचा प्रश्न सुटण्याऐवजी दिसेनासा होतो. देशातल्या सर्वात मोठ्या अशा संस्थेच्या, अक्षयपात्रच्या जेवणात कांदा-लसूणही नसतो. अंड्याचा तर विषयच नाही. मुलांच्या घरी जे रोज खाल्लं जातं ते सरकारी जेवणातून कुणाच्या सोवळ्यासाठी वगळायचं, हे कुणी विचारत नाही. नटराजन आणि जेकब यांनी २०१८ मध्ये सरकारी सर्वेक्षणांचे आकडे तपासून दाखवलं की देशात शाकाहारी लोक ३० टक्क्यांहून अधिक नाहीत, प्रत्यक्षात विशीच्या आसपासच असावेत. तरी 'सगळ्यांना चालेल असं' म्हटलं की ताटात त्यांचंच जेवण येतं. कर्नाटकात २०२१ मध्ये कुपोषणाच्या जिल्ह्यांत अंडी सुरू झाली तेव्हा काही मठाधीशांनी विरोध केला, आणि कोप्पळ जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलीने कॅमेऱ्यापुढे सांगितलं की अंडी बंद केलीत तर तुमच्या मठात येऊन खाऊ. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं दिलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणे. एका अंड्यासाठी गावाकडे झोळी फिरवायची ती मुख्याध्यापकांनी.

इथपर्यंत दुसऱ्यांबद्दल लिहिणं सोपं होतं.

दादा आता पुण्यात बँकेत आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर. त्याची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. जूनमध्ये शाळेने पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकली: डब्यात फक्त शाकाहारी पदार्थ द्यावेत, उग्र वास येणारे पदार्थ टाळावेत. मी फोनवर चिडले. दादा म्हणाला, "अगं, डब्यापुरता तर प्रश्न आहे. तिला तिथं बारा वर्षं काढायचीत." वहिनीने तेव्हापासून सुकट करायची ती शनिवारी रात्री, म्हणजे रविवारी गणवेश धुतला जातो. मी दादाला काय सांगणार? विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिलं वर्षभर मीही घरून आणलेली सुक्या बोंबलाची चटणी खोलीचं दार लावून खाल्ली. आणि २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या कँटीनमध्ये 'फक्त शाकाहारींनी बसावे' अशी चिठ्ठी लागली, वेगळ्या टेबलांना विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला, तेव्हा पोस्ट लिहिणाऱ्यांत मीच पुढे होते.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये साताऱ्याच्या शाळेतलं पाणी लिहून ठेवलं आहे: शिपाई असेल तर पाणी, नसेल तर नाही. त्याच साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग काढलं, आणि ती मुलं जेवावीत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ते बोर्डिंग उभं राहिलं कारण तिथली सगळी मुलं एकाच छपराखाली राहत होती, दुपारी डबा उघडून बाजूला बसायची सोय कुणालाच नव्हती. आज ती सोय आहे. तिचं नाव व्हॅन. ज्यांना मावशीच्या हातचं नको होतं ते तिला बसून गेले. आणि ज्यांना परवडायला लागलं ते आपणही.

दिवाळीत गावी गेले होते. मावशी भेटली. आता ती चुलीपाशी असते. गावातल्या बाईंनी मानधन परवडत नाही म्हणून काम सोडलं, दुसरी कुणी तयार होईना, तेव्हा मुख्याध्यापकांनी हिला 'तात्पुरतं सांभाळा' म्हटलं. त्याला तीन वर्षं झाली. कुणी तक्रार केली का, मी विचारलं. ती म्हणाली, "कोण करणार? त्यांची पोरं हायती कुठं साळंत?" पटावर आता आमची वस्ती, पारध्यांची चार घरं आणि वीटभट्टीवरची मुलं. गावातली मुलं सकाळी पिवळ्या व्हॅनने तालुक्याला जातात. आमच्या वस्तीतलीही तीन त्याच व्हॅनमध्ये असतात.

तिची तक्रार वेगळी होती. तेल महिन्याच्या वीस तारखेला संपतं, आणि ती बोलली तर समितीत कुणी ऐकत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, वीटभट्टीवरचे पालक बैठकीला आले तर हजेरी बुडते, "तूच बस की त्यात, एवढी शिकलीस." माझं मूल तिथे नाही, दादाचं नाही, पालक म्हणून आम्हाला बसता येत नाही. एक जागा स्थानिक शिक्षणतज्ज्ञाची असते. ती सध्या सरपंचांच्या मेहुण्याकडे आहे. समितीची मुदत पुढच्या जूनमध्ये संपते, मुख्याध्यापकांकडून तारीख घेऊन आले आहे.