पाणी गाळता, मग नळ का गळतो?



आज थोडं बोचेल असं लिहिते आहे. आपल्या घरांत पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं जातं. मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लावला, की गाळलेल्या पाण्याची ४८ मिनिटांची मर्यादा आपण घड्याळ बघून पाळतो. आणि त्याच घराच्या परसातला नळ महिनोन्‌महिने टपटपत असतो. कुणी त्याला चिंधी बांधते, कुणी खाली बादली ठेवते. बादली भरून वाहते, तरी कुणाला काही वाटत नाही. हे मला पटत नाही.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातली प्रमादचर्या म्हणजे काही कारण नसताना माती, पाणी, अग्नी, वारा यांची हिंसा करणं. स्वयंपाकाला, धुण्याला पाणी लागतं. ती हिंसा श्रावकाला पूर्ण टाळता येत नाही. पण गळक्या नळाचं पाणी कशासाठी गेलं? कशासाठीच नाही. पाठशाळेतल्या मुलांना प्रमादचर्येचं याहून सोपं उदाहरण मिळणार नाही.

"झाडांना जातं की!" असं एकीचं उत्तर असतं. झाडाला पाणी हवं तेव्हा आणि हवं तेवढं घालावं. नळाखाली सतत ओल राहिली की शेवाळ धरतं, आणि शेवाळ अनंतकाय. डबक्यात डासांची अंडी होतात. मग आपणच तिथे फिनेल ओततो, औषध फवारतो. एका थेंबाच्या आळसातून हिंसेची रांग लागते.

"एक थेंब तर आहे" हे दुसरं उत्तर. मी कॉमर्सची, म्हणून हिशेबच मांडते. नळाखाली लिटरचं माप ठेवा. ते तासाभरात भरलं तर दिवसाला २४ लिटर, महिन्याला ७२० आणि वर्षाला ८,७६० लिटर पाणी गेलं. आता एप्रिल २०१६ आठवा. लातूर तहानलं होतं आणि आपल्या मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी, सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास. केवढा अभिमान वाटला होता आपल्याला! पण असे गळके नळ असलेली ५८ घरं वर्षभरात त्या गाडीपेक्षा जास्त पाणी मातीत घालवतात. आणि लातूर तरी लांबचं. साताऱ्याच्या माण-खटावला, सांगलीच्या जत-आटपाडीला बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आल्या आहेत. टेंभू, म्हैसाळच्या योजना कृष्णेचं पाणी वीज जाळून वर चढवतात ते त्याच कोरड्या भागासाठी.

"प्लंबर येत नाही, आला तर नवा नळच घ्या म्हणतो." हे मात्र खरं आहे. पण बहुतेक वेळा दोष असतो आतल्या रबरी वायसरचा, आणि तो चहाच्या पैशांत मिळतो. आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी बादलीत घ्या. पान्याने वरचा भाग सोडवा, झिजलेला वायसर काढा आणि तोच हार्डवेअरच्या दुकानात दाखवून तसाच आणा. मुठीच्या गळ्यातून पाणी येत असेल तर तिथला नट थोडा आवळून बघा. भिंतीच्या जोडातून झिरपत असेल तर नळ काढून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, आटे फिरतात त्याच दिशेने. पाइप जुना लोखंडी असेल तर तो दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर भिंतीच्या आतच पिळवटतो. प्लास्टिकचा नळ फार आवळू नका, तडकतो. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांना असा वायसर नसतो, त्यांचा आतला स्पिंडलच बदलावा लागतो. आणि तो नळ कुणी वापरतच नसेल तर काढून टाका आणि तिथे प्लग बसवा. नकोच असलेली वस्तू ठेवणं हाही परिग्रहच.

"हे पुरुषांचं काम" म्हणणाऱ्यांना एकच विचारते: कुकरची रिंग कोण बदलतं? शिट्टी कोण साफ करतं? ज्या हातांना ते जमतं, त्यांना वायसर जड नाही. रविवारची वाट बघत बसलं तर असे कितीतरी रविवार येतात आणि जातात.

घरापाठोपाठ मंदिराकडेही बघा. पाय धुण्याचा नळ, पंगतीनंतर भांडी घासायचा नळ. नव्या फरशीसाठी आपण बोली लावतो, त्या नळाच्या वायसरसाठी कुणी पुढे येत नाही. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीला एक पाना आणि चार वायसर घेऊन या. स्तोत्र म्हणून झालं की आधी मंदिराचे नळ बघू, मग चहा.