सवय म्हणजे ऊब नव्हे

चंद्रपूरला जायचे म्हटले की माणसांना टोपी, पाण्याची बाटली आणि खिशातला कांदा आठवतो. उन्हाळ्यात पारा ४७-४८ अंशांवर नेणारा हा जिल्हा. तिथे हातमोजे कशाला? माझ्या पुण्याच्या भाच्यानेही परवा फोनवर हसत हाच प्रश्न केला. त्याला डिसेंबरअखेर ताडोब्यात वाघाचे ‘शूटिंग’ करायचे आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जंगलातली बंदूक गेली, कॅमेरा आला; शब्द मात्र तोच राहिला. “मामा, तुम्ही तिकडे नोकरी केलीत. खरेच लागतात का हो हातमोजे?”

लागतात. डिसेंबर-जानेवारीत या भागात पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. उघड्या जिप्सीत बसून निघालात की वारा हातावरच येतो, कारण कॅमेरा हातात असतो आणि हात खिशात घालता येत नाहीत. त्यात एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस येतो. पाऊस नसला तरी सागाच्या पानांवरून आणि बांबूच्या बेटांतून दंव ठिबकत असते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मोहर्लीच्या गेटातून आम्ही आत गेलो, तेव्हा रात्रभर पाऊस पडून गेला होता. मी बर्फात घालायचे जाडजूड, महागडे हातमोजे घेऊन मिरवत होतो. तळ्याच्या वाटेवर वाघीण रस्त्यावर आली आणि माझ्या बोटाला कॅमेऱ्याचे बटणच सापडेना. दाताने मोजा ओढला, तो जिप्सीतल्या पाण्यात पडला. फोटोत आले ते गवत आणि शेपटीचे टोक. पुढचे दोन तास उजवा हात माझा राहिला नव्हता.

तेव्हा वाचकहो, अनुभवाचे बोल ऐका. एकच जाड जोडी घेऊ नका. दोन थर घ्या. आत लोकरीचा पातळ, बोटांना बसणारा मोजा आणि वर पाणी न शिरणारा सैल मोजा, ज्याचे बोटांवरचे टोपण मागे दुमडता येते. सुती मोजा नको. सूत भिजले की ऊब संपली. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. पाणी हवेच्या सुमारे वीस-पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते, म्हणून ओल्या मोज्यापेक्षा कोरडा हात बरा. घट्ट मोजाही नको. रक्त खेळले नाही तर बोटे गारच राहणार. कोरडी जादा जोडी प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा. दुकानात मोजा घालून आपल्याच कॅमेऱ्याचे बटण दाबून पाहा. मी एवढेच केले नव्हते. आणि टोपी-स्वेटर विसरू नका. धड गारठले की शरीर आधी बोटांचा रक्तपुरवठा तोडते. अडचणीतली बँकसुद्धा दूरच्या शाखेचा खर्च आधी कापते, तसेच हे.

पण माझ्या लेखाचा विषय इथे संपत नाही. त्या पहाटे पुढच्या सीटवर आमचा गाईड बसला होता. विशीतला पोरगा. दोन्ही हात काखेत दाबलेले. पंजाचे ठसे दाखवायचे तेवढे बाहेर काढायचा. मी माझा उरलेला कोरडा मोजा पुढे केला. तो ओशाळून म्हणाला, “राहू द्या. आमाले सवय हाये, साहेब.”

हे वाक्य मी आधी ऐकले होते. १९८७ साली मी मूलच्या बाजूला एका शाखेत नवा अधिकारी होतो. ऑगस्टचे दिवस, भाताची रोवणी जोरात. एक बाई कर्जाच्या कागदावर अंगठा द्यायला बांधीतून थेट आली होती. दिवसभर पाण्या-चिखलात राहून हात पांढरेफटक, सुरकुतलेले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. शाईत अंगठा बुडवला, कागदावर नुसता डाग उमटला. तीनदा केले, तीनदा डागच. मी नियमाचा माणूस. “हात वाळल्यावर उद्या या,” म्हणालो. हाताकडे पाहून दुखते का विचारले, तर ती म्हणाली, “सवय हाये जी.” दुसऱ्या दिवशी ती आली नाही, रोवणीचा रोज कोण बुडवणार? आठवड्याने आली, तेव्हा खताची वेळ टळली होती. नियम मी मोडला नाही, याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता. आज रेशन दुकानातल्या यंत्रावर अशाच झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही, असे ऐकले की तो कागद डोळ्यांपुढे येतो.

ताडोबा १९५५ साली राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. आज ते जपणारे हात कुणाचे? दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत वनरक्षक पायी फिरतात, विष्ठा आणि पंजाचे ठसे शोधतात आणि नोंदी ‘एम-स्ट्राइप्स’ या मोबाइलवरच्या प्रणालीत भरतात. गारठलेल्या बोटाने. बोटांची त्वचा साधारण पंधरा अंशांखाली गेली की त्यांची सफाई कमी होऊ लागते, हे शास्त्र सांगते. ती वनरक्षकाला वेगळी आणि पर्यटकाला वेगळी नसते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. गाईड, जिप्सीचालक आणि वनरक्षक यांच्या हिवाळी गणवेशात चांगले हातमोजे असलेच पाहिजेत. दान म्हणून नव्हे, कामाचे हत्यार म्हणून. सफारीच्या खर्चात पर्यटकाला ते जाणवणारही नाहीत. रोवणीत हातमोजे चालतील का, हे त्या बायाच सांगू शकतील. पण त्यांना तसे कुणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही, आणि न विचारणाऱ्यांत मी पहिला होतो. ‘सवय आहे’ हे उत्तर आपल्याला सोयीचे असते. ते ऐकले की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. पण सवय म्हणजे ऊब नव्हे. सवय म्हणजे मागून न मिळालेल्या गोष्टीचे मागणे बंद करणे.

भाच्याला मी कळवले आहे: हातमोजे जरूर घे, लोकरीचे, दोन थरांचे. आणि पुढच्या सीटवरचा पोरगा ‘सवय हाये’ म्हणाला, तर त्याचा हात एकदा हातात घेऊन बघ.