काळ्या पाण्याची उपेक्षा

सोलापूरचा कचरा तुळजापूर रस्त्यावरील डेपोत जाऊन पडला की नागरिकांच्या दृष्टीने तो विषय संपतो. निसर्गाच्या हिशेबी मात्र तो तेथून सुरू होतो. ढिगाऱ्यात मुरलेले पावसाचे पाणी कुजणाऱ्या अन्नातील नत्र अमोनियाच्या रूपाने घेऊन खाली झिरपते. कालांतराने त्यातील सहज कुजणारे सेंद्रिय द्रव्य सरते. अमोनिया मात्र दशकानुदशके उरतो. म्हणूनच २००० च्या आणि पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांनी असे पाणी नदीनाल्यात सोडताना अमोनियाच्या रूपातील नत्रावर लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

या अमोनियाचा बंदोबस्त करणारे जिवाणू मातीतच आहेत. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्यापासून नायट्रेट. विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे दाखवून दिले. हे सेवक वेतन मागत नाहीत. परंतु किलोभर नत्रामागे सुमारे साडेचार किलो प्राणवायू मागतात आणि पाणी आम्ल होऊ नये म्हणून चुनाही लागतो. उबदार पाण्यात ते जोमाने वाढतात. एरवी असह्य होणारे सोलापूरचे ऊन येथे उपकारकच ठरावे.

तथापि, एवढ्यावर थांबणे म्हणजे एक व्याधी घालवून दुसरी ओढवून घेणे होय. नायट्रेट विहिरीत उतरले तर तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण होते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणून दुसऱ्या टाकीत हवा बंद करून व मळीसारखे खाद्य देऊन अन्य जिवाणूंकरवी त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करावा लागतो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात मळी दुर्मिळ नाही. रॉटरडॅम येथे मैल्याच्या गाळातून निघणाऱ्या पाण्यासाठी २००२ मध्ये उभारलेल्या संयंत्रात ‘ॲनामॉक्स’ जिवाणूंच्या साह्याने हवेची बचत झाली आणि वेगळ्या खाद्याची गरजही उरली नाही.

यंत्रे एकदा विकत घेता येतात. जिवाणू मात्र रोज जोपासावे लागतात. हवा थांबली, की त्यांचे कामही थांबते. तेव्हा अशा संयंत्राची परीक्षा उद्‌घाटनाच्या फलकावर नव्हे, तर त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात करावयास हवी. महानगरपालिकेने अमोनिया व नायट्रेट या दोहोंचे आकडे दरमहा जाहीर करावेत आणि नागरिकांनी ओला कचरा घरीच वेगळा काढून ढिगाऱ्यात जाणारे नत्र कमी करावे. अवर्षणग्रस्त जिल्ह्याला पाऊस वाढविता येत नाही. आहे ते भूजल नासू न देणे मात्र त्याच्या हाती आहे.