विश्लेषण : उसाच्या ट्रॉलीला मागचे दिवे का नसतात?

गाळप हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातील रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. पोलीस, आरटीओ आणि कारखाने दर हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवण्याची मोहीम घेतात. तरीही अंधारात मागून ट्रॉलीवर आदळणाऱ्या दुचाकी आणि मोटारींच्या बातम्या थांबत नाहीत. रिफ्लेक्टर गरजेचा आहेच, पण तो ब्रेक लाइट आणि इंडिकेटरचे काम करू शकत नाही. ते काम वायरिंगचे आहे.

प्रश्न याच जिल्ह्यात इतका तीव्र का?

प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यापाठोपाठ संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे, अकोले अशा जवळपास प्रत्येक तालुक्यात धुराडी पेटली. ऊस कारखान्यापर्यंत येतो तो राज्यमार्गांवरून आणि गावरस्त्यांवरून. त्यातला नगर-मनमाड महामार्ग राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता या ऊसपट्ट्यातून जातो आणि याच रस्त्याने रात्रभर शिर्डीच्या भाविकांच्या गाड्या धावतात. वाटेची माहिती नसलेला परगावचा चालक आणि ताशी १५-२० किलोमीटरने चाललेली दोन ट्रॉल्यांची गाडी एकाच रस्त्यावर येतात. बैलगाड्याही असतातच. त्यांना वीज नाही, त्यामुळे तिथे रिफ्लेक्टरशिवाय पर्याय नाही.

नियम काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे ट्रॉली ही शेतीचे अवजार नसून कायद्याने वाहन आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम १०५ नुसार रात्री मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा.

हा आकडा चालकाच्या नजरेने पाहू. मोटार ताशी ८० किलोमीटरने येत आहे आणि ट्रॉली २० ने पुढे चालली आहे. दोघांतील अंतर सेकंदाला साधारण १७ मीटरने कमी होते. दिवा १५५ मीटरवर दिसला तर हाताशी नऊ सेकंद असतात. दिवा नसेल आणि समोरून वाहन येत असल्याने हेडलाइट डिपरवर असेल, तर ट्रॉली ४०-५० मीटरवर दिसते. मग उरतात जेमतेम तीन सेकंद. त्यातले दीड-दोन सेकंद ‘समोर काहीतरी आहे’ हे कळून पाय ब्रेकवर जाण्यातच जातात.

रिफ्लेक्टर असताना दिवे कशाला?

रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही, मागच्याचा प्रकाश परत पाठवतो. त्यावर चिखल बसला, धूळ साचली किंवा मागे बाहेर आलेला ऊस आडवा आला की तो संपला. तो स्वच्छ असला तरी ट्रॉली थांबते आहे की उजवीकडे शेतरस्त्याला वळते आहे, हे सांगत नाही. ट्रॅक्टरचे स्वतःचे इंडिकेटर भरलेल्या उसामागे झाकले जातात. ओव्हरटेक करणाऱ्याला वळण कळते ते ट्रॉली आडवी आल्यावरच.

उलट बाजूही आहे. चढाला किंवा टायर फुटल्यावर मागची ट्रॉली सोडून ट्रॅक्टर पुढची घेऊन जातो. मागे राहिलेल्या ट्रॉलीला बॅटरी नसते, त्यामुळे तिचे दिवे कितीही चांगले असले तरी बंद. तिथे रिफ्लेक्टरच उपयोगी. त्यामुळे दोन्ही लागतात. एकाच्या जोरावर दुसरे टाळता येत नाही.

वायरिंग टिकत का नाही?

ट्रॅक्टरमागच्या सात पिनांच्या सॉकेटमधून ट्रॉलीला वीज जाते. आंतरराष्ट्रीय मानकात पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची, तपकिरी व काळी टेललाइटची आणि पांढरी अर्थिंगची. प्रत्यक्षात गावच्या गॅरेजमध्ये हाताला लागेल ती वायर जोडली जाते. हंगामात ट्रॉल्यांची अदलाबदल झाली की डावे वळण उजवीकडे दिसू लागते.

बहुतेक बिघाडांचे मूळ मात्र अर्थिंगमध्ये असते. वेगळी वायर न ओढता हुक आणि पिनेच्या लोखंडातून अर्थिंग घेतले जाते. हुकाला गंज आणि माती लागते, वळणावर तो हलतो. मग परतीची वाट न मिळालेला प्रवाह दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटणे ही त्याची ओळख. अशा वेळी मालक बल्ब बदलत राहतो आणि शेवटी वायर काढून टाकतो.

दुसरे कारण बारीक वायर. २१ वॅटचे दोन ब्रेक बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर प्रवाह घेतात. अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरीने दहा मीटर जाऊन परत यायचे तर सुमारे सव्वादोन-अडीच व्होल्ट वाटेतच गळतात आणि बल्बचा उजेड जवळपास निम्मा होतो. दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत आणखी कमी. दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर गळती एक व्होल्टच्या आत राहते. एलईडी दिव्यांना प्रवाह फारच कमी लागतो, त्यामुळे दुहेरी ट्रॉलीला तेच सोयीचे; फक्त जुना फ्लॅशर बदलावा लागतो, नाहीतर इंडिकेटर भराभर लुकलुकतात किंवा लुकलुकतच नाहीत.

ट्रॅक्टरची ब्रेक पेडल शेतात सुटी आणि रस्त्यावर पट्टीने जोडलेली असावी लागतात. ती जोडली नाहीत आणि ब्रेकचा स्विच एकाच पेडलखाली असेल, तर दुसरे दाबल्यावर मागे दिवा लागणार नाही. वायरिंग तपासताना हेही पाहायला हवे.

जबाबदारी कुणाची?

कायद्याने वाहनमालकाची. हा मालक बहुतेकदा कारखान्याशी वाहतूक करार केलेला शेतकरीच असतो. त्याने टोळीला उचल दिलेली असते, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर असतो. खेपा वाढल्या तरच हिशेब जुळतो, त्यामुळे दिव्यासाठी अर्धा दिवस ट्रॉली उभी ठेवणे त्याला परवडत नाही. अपघात झाला की मात्र हिशेब उलटतो. पॉलिसीत ट्रॉलीची नोंद नसेल तर विमा कंपनी भरपाईवर वाद घालते. महामार्गावर दिव्यांविना, इशाऱ्याविना उभ्या सोडलेल्या ट्रकवर मोटार आदळल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दोष ट्रकच्या बाजूचा धरला आणि मोटारीतल्यांच्या भरपाईत केलेली कपात रद्द केली.

तपासणीची सर्वात सोपी जागा रस्ता नव्हे, कारखान्याचे गेट आहे. प्रत्येक ट्रॉली तिथे वजनकाट्यावर येते, नंबर लागेपर्यंत तासन् तास उभी असते आणि वाहतुकीचे बिलही तिथूनच निघते. रिकामी ट्रॉली परत निघताना सॉकेट लावून चारही दिवे पेटवून पाहायला दोन मिनिटे पुरतात. वाहनतळावर एक वायरमन बसवून खर्च वाहतूक बिलातून हप्त्याने कापून घेता येईल. वाहतूक करारात दिव्यांची अट घातली आणि ती न पाळणाऱ्या गाडीला पुढचा नंबर दिला नाही, तर मालक स्वतःहून वायरमनकडे जाईल. रस्त्यावरच्या कारवाईत एका रात्री मोजक्याच गाड्या सापडतात. गेटवर एकही चुकत नाही.