शंभर बैठकांनी उडी वाढत नाही

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे यांनी जुलै 2024 मध्ये पॅरिस येथे 3000 मीटर स्टीपलचेसची शर्यत 8 मिनिटे 9.91 सेकंदांत पुरी करून राष्ट्रीय विक्रम केला. आपल्या बीड जिल्ह्यात कौतुक झाले ते त्यांच्या धावण्याचे. पण या शर्यतीत 28 साधे आणि 7 पाण्याचे अडथळे असतात. पुरुषांसाठी प्रत्येकाची उंची 91.4 सेंटीमीटर. म्हणजे धावता धावता 35 उड्या! ही उडी आपल्या शाळांत शिकवली जाते का? माझ्या मते नाही. 'रोज शंभर बैठका मारा' एवढ्यावर शिक्षण संपते.

थोडा हिशेब करू. जागच्या जागी 40 सेंटीमीटर उंच उडायचे, तर पाय सुटताना शरीराचा वेग सेकंदाला 2.8 मीटर हवा. 50 सेंटीमीटरसाठी तो सुमारे 3.13 मीटर लागतो. हा वेग मिळवायला पायांना अर्ध्या सेकंदाहूनही कमी अवधी मिळतो. तेव्हा प्रश्न आहे तो इतक्या थोड्या वेळात किती जोर लावता येतो याचा. शंभर बैठकांनी दमसास वाढेल, पण हा झटका येणार नाही. त्यासाठी बैठका थोड्याच, सहा ते आठ, पण पाठीवर जड दप्तर घेऊन; खाली सावकाश, वर झपाट्याने. मग दोन मिनिटे विश्रांती. असे तीन वेळा, आठवड्यातून दोन दिवस, शिक्षकांच्या देखरेखीखाली पुरे.

'वजन उचलले की उंची खुंटते' असे कोणी म्हणेल. योग्य देखरेखीखालील व्यायामाने तसे होते, याला पुरावा नाही. आणि उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या मुलांबद्दल ही काळजी कोणी बोलून दाखवीत नाही, हेही नवलच!

प्रगती मोजायला खडू पुरतो. भिंतीशी बाजूने उभे राहून हात उंच करा, खूण करा. मग उडी मारून दुसरी खूण करा. दोन खुणांतले अंतर ही तुमची उडी. 1921 साली डडले सार्जंट यांनी उडीची अशीच चाचणी मांडली. आता गुडघे वाकवून तीन आकडे मोजा आणि मग उडा. खूण बहुधा खाली येईल, कारण वाकताच उसळलो तर ताणलेले स्नायू आणि स्नायुबंध यांचा जो लाभ मिळतो, तो थांबल्याने कमी होतो.

जमिनीवर उतरण्याचे शिक्षण तर कोणीच देत नाही. 40 सेंटीमीटर वर गेलेला मुलगा त्याच 2.8 मीटर वेगाने खाली येतो. ताठ पायांनी उतरला, तर तो वेग क्षणात मोडतो आणि सारा धक्का गुडघ्यावर येतो. जुलै 2025 मध्ये मोनाको येथे साबळे यांच्या गुडघ्याला इजा झाली, तीही पाण्याच्या अडथळ्यापाशीच. म्हणून पहिले काही दिवस उंच उडूच नका. बाकावरून नव्हे, एका पायरीवरून उतरा: आधी चवडे, मग टाचा, गुडघे वाकलेले. शेजारच्या मित्राला तुमच्या पावलांचा आवाज ऐकू आला, तर पुन्हा पायरीवर चढा.