सायकललाही ओव्हरटेकच करावे लागते

आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमधून बाहेर पडणाऱ्या उमेदवाराला विचारा, की पुढे ट्रक असेल तर ओव्हरटेक कसा करशील? तो घडाघडा सांगेल: आरसा पाहीन, समोरचा रस्ता मोकळा आहे का ते पाहीन, इंडिकेटर देईन, मगच बाहेर निघेन. आता त्यालाच विचारा, पुढे सायकल असेल तर? बहुतेक जण म्हणतील, हॉर्न मारीन आणि साइडने काढीन. दोन उत्तरांतला हा फरक त्याने रस्त्यावर उचलला असेल, पण तो पुसण्याचे काम आपण प्रशिक्षकांनी केलेले नाही.

ह्या महिन्यात हा विषय घेताना आमच्या डोळ्यांसमोर सामरवरणीचा रस्ता आहे. दादरा नगर हवेलीत सिल्वासाला लागून असलेले हे गाव. २०११च्या जनगणनेत दादरा, नरोली, मसाट आणि राखोली ह्यांच्याबरोबर त्याचीही गणना शहरात झाली. दादरा नगर हवेलीची लोकसंख्या तेव्हा ३,४३,७०९ होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या ७७४. घरदार गावाकडे ठेवून एकटे कामाला आलेले पुरुष इथे किती आहेत, ते ह्या एका आकड्यावरून कळते. पॉलिएस्टर धाग्याचे, प्लास्टिकचे, तारांचे कारखाने, त्यांच्या आसपास भाड्याच्या खोल्या, आणि खोलीपासून फाटकापर्यंत दोन-चार किलोमीटरचे अंतर. ह्या अंतराला सायकलच परवडते. पाड्यांवरून येणारे वारली, कोकणा, धोडिया तरुणही सायकलवर येतात, कित्येकदा डबलसीट. पाळी सुटली की हे सगळे एकदम रस्त्यावर येतात. त्याच वेळी माल भरलेल्या गाड्या फाटकातून वापीकडे, भिलाडकडे, नाहीतर खानवेल-उधव्याच्या वाटेने आपल्या तलासरीकडे निघालेल्या असतात.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या गाड्या भिवंडीला जातात, त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. भिवंडीच्या मागांवर चढणारा बराच धागा सिल्वासाहून येतो, आणि तुमच्या ट्रकच्या हौद्यात जे खोके आहेत ते भरणारा माणूसच पुढे सायकलवर चाललेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो तुमच्या वाटेत आलेला परका माणूस नाही. तोही त्याच धंद्यात आहे, फक्त त्याच्याभोवती पत्रा नाही.

आता जरा टेप घेऊन मोजू. दोन पदरी रस्ता म्हणजे साधारण सात मीटर डांबर, तुमच्या वाट्याला साडेतीन. सायकलस्वार कडेपासून अर्धा मीटर आत चालतो, कारण त्याहून कडेला वाळू, खडी आणि डांबराची तुटलेली धार असते. त्याच्या हँडलचे उजवे टोक कडेपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर येते. तिथून दीड मीटर मोकळे सोडले की झाले २.३ मीटर. त्यापुढे आपला ट्रक, अडीच मीटर रुंद. बेरीज ४.८ मीटर. म्हणजे सायकलला नीट ओलांडायचे तर ट्रकला समोरच्या पदरात सव्वा मीटरहून जास्त जावेच लागते. समोरून गाडी येत असेल तर ओलांडताच येत नाही. छोटा टेम्पो किंवा कार असली तरी बेरीज साडेतीनच्या पुढेच जाते.

फळ्यावर एवढी एक बेरीज करून दाखवली, तर पुढचे बरेच आपोआप समजते. सायकल ओलांडणे हे पूर्ण ओव्हरटेकिंग आहे. त्याला आरसा लागतो, इंडिकेटर लागतो, समोरचा रस्ता रिकामा लागतो आणि मुख्य म्हणजे थांबण्याची तयारी लागते. आपल्या पदरात राहूनच सायकलच्या बाजूने निघता येते असे ज्याला वाटते, तो खरे तर त्या माणसाच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून लोखंड नेत असतो.

दीड मीटर हा आकडा हवेतून आणलेला नाही. जर्मनीने २०२० साली वाहतूक नियमांत लिहूनच टाकले: वस्तीत दीड मीटर, वस्तीबाहेर दोन. फ्रान्समध्ये वस्तीत एक आणि बाहेर दीड. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ पासून ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला किमान दीड मीटर आहे, वेग त्याहून जास्त असेल तर अंतरही जास्त. स्पेनने त्याच वर्षी पुढचे पाऊल टाकले: एका दिशेला दोन किंवा अधिक पदर असतील, तर सायकल ओलांडताना शेजारचा पदर पूर्ण घ्यायचा. आपल्याकडे मोटार वाहने (वाहन चालवणे) विनियम २०१७ मध्ये पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग ह्यांच्या सुरक्षिततेची खास काळजी घेणे हे चालकाचे कर्तव्य सांगितले आहे. हे कर्तव्य मीटरमध्ये उतरवून शिकवणे आपल्या हातात आहे.

ह्यावर वर्गात नेहमी एक तक्रार येते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही: सायकलवाले सरळ चालवतच नाहीत. खरे आहे, चालवत नाहीत. सायकल सरळ चालतच नाही, ती सतत थोडी डावी-उजवी होत तोल सांभाळते. वेग कमी झाला, चढ लागला, मागे गॅसचा सिलिंडर किंवा माणूस बसला, की हे डोलणे वाढते. पुढे खड्डा आला तर चारचाकी त्यावरून जाते, सायकल वळसा घालते. पावसाळ्यात, आणि दमणगंगेच्या ह्या पट्ट्यात पाऊस धो-धो असतो, डबक्याखाली काय आहे ते दिसत नाही म्हणून सायकलस्वार डबके टाळून थेट तुमच्या रेषेत येतो. मोठी गाडी वेगाने जवळून गेली की आधी हवेचा धक्का बसतो, मग गाडीकडे ओढ बसते. हे सगळे आधी ओळखता येते. मान उजवीकडे वळली, पायडल मारणे थांबले, पुढे चेंबर किंवा खड्डा आहे, कडेला ट्रक उभा आहे: ह्या प्रत्येक खुणेनंतर सायकल उजवीकडे येणार. चांगला चालक पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट वाचतो तसे सायकलस्वाराची पाठ वाचतो. ही विद्या आहे, ती शिकवता येते, आणि शिकवताना प्रशिक्षकाने बोलत राहिले पाहिजे: ‘तो बघ, त्याच्या पुढे डबके आहे, तो आता बाहेर येईल, तू मागेच थांब.’

हॉर्नबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. सायकलच्या अगदी मागे जाऊन एअर हॉर्न मारला की माणूस दचकतो. दचकलेला माणूस मागे वळून पाहतो, आणि मान वळली की हँडलही वळते. लांबून दिलेला एक छोटा हॉर्न सूचना देतो, जवळून दिलेला मोठा हॉर्न अपघाताची सोय करतो.

कारखान्यांच्या रस्त्यावर सर्वांत घातक हालचाल कोणती, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर आहे डावीकडचे वळण. सामरवरणी-मसाट पट्ट्यात डाव्या हाताला फाटकामागून फाटके येतात. चालक सायकलला ओलांडतो आणि लगेच डावीकडे फाटकात वळतो. ट्रकची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापतात. गाडी जितकी लांब तितकी जास्त. आतल्या त्या जागेत सायकलस्वार असतो आणि केबिनमधून तो दिसत नाही, कारण उजवीकडे बसलेल्या चालकाला डाव्या दाराखालचा भाग दिसतच नाही. पूर्वी क्लीनर मान बाहेर काढून सांगायचा. आता बऱ्याच गाड्या क्लीनरशिवाय चालतात, तेव्हा ती नजर आरशातून आणि मोकळ्या वेळेतूनच मिळवावी लागते. साधा नियम असा बसवावा: फाटक शंभर मीटरच्या आत असेल तर सायकल ओलांडायची नाही. तिच्या मागे राहायचे, तिला फाटक पार करू द्यायचे, मग वळायचे. बाजूच्या संरक्षक पट्ट्या वाकल्या म्हणून काढून ठेवणाऱ्या मालकांनाही विनंती, की त्या परत लावा. चाकाखाली जाणारा माणूस त्या अडवतात.

वेळ जातो, असे चालक म्हणतील. किती जातो? ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलच्या मागे शंभर मीटर राहिलात तर २४ सेकंद लागतात. ताशी ४०ने तेच अंतर ९ सेकंदांचे. गेले १५ सेकंद. सिल्वासा ते वापी एवढ्या प्रवासात असे दहा वेळा थांबलात तर अडीच मिनिटे. तोच चालक लोडिंगसाठी फाटकाबाहेर तासन् तास उभा असतो आणि ते निमूट सोसतो. मालकांनी आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी ही अडीच मिनिटे चालकाच्या डोक्यावरून उतरवली पाहिजेत. उशीर झाला म्हणून फोनवर ओरडणारा मालक त्या कोपराजवळून जाणाऱ्या लोखंडात भागीदार असतो.

दाराची गोष्ट थोडक्यात. चहाच्या टपरीपुढे गाडी लावून दार उघडताना डावा हात वापरा. डावा हात उजव्या दाराकडे नेला की खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. नेदरलँड्समध्ये ही सवय जुनी आहे, ब्रिटनने ती २०२२ साली आपल्या हायवे कोडमध्ये घेतली. आपल्या स्कूलमध्ये पहिल्या दिवसापासून लावता येईल, खर्च शून्य.

रात्रीच्या पाळीचा प्रश्न मात्र कठीण आहे. बहुतेक सायकलींना दिवा नसतो, मागचा रिफ्लेक्टर तुटलेला किंवा चिखलाने भरलेला. समोरून अपर मारून येणाऱ्या गाडीमुळे चालकाचे डोळे दिपतात आणि नेमक्या त्याच दोन-तीन सेकंदांत पुढची सायकल अदृश्य होते. ताशी ६०च्या वेगाला एका सेकंदात गाडी साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. डोळे दिपले की पाय ॲक्सिलरेटरवरून निघालाच पाहिजे, हे आपण शिकवू शकतो. बाकीचे काम कारखान्यांचे आहे. कामगारांना चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे आणि सायकलींना रिफ्लेक्टर देणे हे कोणत्याही कारखान्याला जड नाही. ट्रान्सपोर्टर संघटनांनी ही मागणी कारखानदारांकडे करावी, कारण अपघात झाला तर कोठडीत त्यांचाच चालक बसतो.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईत अवतार सैनी सायकलवर असताना टॅक्सीची मागून धडक बसून गेले. इंटेलच्या ३८६, ४८६ आणि पेंटियम चिपच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता, ते हे अभियंते. देशभर बातम्या झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. त्या आधी २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक. त्या वर्षीच्या अपघातांत मागून धडक हा प्रकार एक-पंचमांशाहून जास्त होता. ह्या हजारोंमधल्या बहुतेकांची नावे तालुक्याच्या पानावरही आली नाहीत. पाळीवरून घरी निघालेल्या माणसाच्या घरी निरोप पोहोचायला कधी कधी दोन दिवस लागतात, कारण घर बिहारात असते.

आता आपल्या कामाकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ३१ प्रमाणे ट्रान्सपोर्ट नसलेल्या वाहनाच्या उमेदवाराला किमान १० तास आणि ट्रान्सपोर्ट वाहनाच्या उमेदवाराला किमान १५ तास प्रत्यक्ष गाडी चालवायला मिळाली पाहिजे. ह्या तासांपैकी एक तास पाळी सुटण्याच्या वेळी, सायकलींच्या रस्त्यावर द्या. मोकळ्या मैदानावर आणि रविवारच्या रस्त्यावर तयार झालेला चालक सामरवरणीच्या फाटकांवर कच्चाच असतो. आणि जड वाहनाच्या प्रत्येक उमेदवाराला आधी अर्धा तास त्याच रस्त्यावर सायकल चालवायला लावा, प्रशिक्षक मागे दुसऱ्या सायकलवर. लंडनमध्ये ट्रकचालकांच्या प्रशिक्षणात सायकलवर बसून रस्त्यावर जाण्याचा भाग असतो, आणि तिथल्या पोलिसांनी सायकलस्वारांना ट्रकच्या केबिनमध्ये बसवून न दिसणारी जागा दाखवण्याचा उपक्रमही चालवला. दुसरा भाग तर आपण उद्या करू शकतो: एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी ट्रक उभा करायचा, पाळीवरून सुटलेल्या कामगारांना एकेक करून चालकाच्या जागेवर बसवायचे आणि डाव्या दाराशी उभा असलेला त्यांचाच सोबती आरशात शोधायला सांगायचे.

परीक्षेत हे विचारत नाहीत, असे काही स्कूलचालक म्हणतात. नियम १५मध्ये परीक्षेच्या बाबी दिल्या आहेत आणि दुसरे वाहन सुरक्षितपणे ओलांडणे ही त्यांत आहेच. ते वाहन सायकल असू नये, असे तिथे लिहिलेले नाही. आपल्या भागातील निरीक्षकांना भेटा, चाचणीच्या मार्गावर सायकलींची वर्दळ असलेला एक टप्पा घ्यायला सांगा, आणि उमेदवार सायकलच्या मागे थांबला म्हणून त्याचे गुण कापू नका, हेही सांगा. त्या भेटीत काय ठरले ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा ठेवली आहे.